गिनीपिग अखेरच्या वाटेला लागलाय, हे कसं ओळखायचं?

मुलांच्या हट्टापायी घरात आलेला गिनीपिग साधारण ५ ते ८ वर्षं जगतो. पण काहींचा आजार जन्मतःच सोबत येतो. रंगीत केसांत पांढरे केस मिसळलेला असतो त्याला 'रोन' म्हणतात. रोन नर आणि रोन मादी यांची जोडी लावली, तर सरासरी दर ४ पिल्लांत १ पिल्लू दोन्हीकडून दोष घेऊन येतं. अंग पूर्ण पांढरं, डोळे बारीक किंवा नसतातच, दात वेडेवाकडे, बऱ्याचदा बहिरंही. त्यातली कितीतरी पिल्लं थोड्या दिवसांत जातात. काही मात्र नीट निगा राखली तर महिनोन्‌महिने, वर्षंही जगतात. विकत घेताना हे कोणी सांगत नाही.

असं पिल्लू सांभाळणाऱ्या घरात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: आता उपचार करायचे, की हे संपत आलं?

उत्तर सोपं नाही, कारण हा प्राणी दुखणं लपवतो. म्हणून आठवड्यातून एकदा वजन करा, आजारी असेल तर रोज. शेजारच्या किराणावाल्याचा काटा चालतो. आकडा कॅलेंडरवर लिहा.

दिवसभर खाल्लं नाही, तर ते मरण नव्हे, तातडीचं दुखणं समजा आणि त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. गिनीपिगचे दात आयुष्यभर वाढतात. वाकडे दात झिजत नाहीत, दाढा जिभेवर चढतात. असा गिनीपिग खाण्याजवळ येतो, घास उचलतो आणि टाकतो, हनुवटी ओली राहते. त्याला भूक आहे! दात कापून, पातळ खाणं भरवून तो पुन्हा उभा राहतो. क जीवनसत्त्वाच्या अभावीही तो लंगडतो, मलूल होतो. आपल्यासारखंच त्याचं शरीर ते बनवत नाही. तेही बरं होतं.

अखेरची खूण वेगळी. दात कापले, औषध दिलं, तरी कोथिंबिरीकडे तोंड वळत नाही. लेंड्या बंद होतात. केस फुगवून कोपऱ्यात बसतो, मग कुशीवर पडतो आणि उठत नाही. कान, पाय गार लागतात. श्वासाला पोट जोरात हलतं किंवा तोंड उघडून श्वास घेतो. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली, तर तोंडात पाणी, दूध, खिमट ओतू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. मऊ फडक्यावर, उबेत, अंधाऱ्या शांत जागी ठेवा. घरातली उरलेली अमॉक्सिसिलिन तर कधीच देऊ नका. तोंडावाटे दिलेलं हे औषध गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जंतू मारतं आणि त्यानेच तो दगावतो.

वेदना थांबत नसतील, तर पशुवैद्य इंजेक्शन देऊन शांत मरण देऊ शकतात. पहिलं शील आठवून काही घरं अडखळतात, ते मी समजू शकते. माझ्या मते तडफड लांबवणं ही करुणा नाही. पण निर्णय डॉक्टरांशी बोलून घरानेच घ्यावा, आणि मुलांना 'झोपला' असं खोटं सांगू नये. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आहे. इतरत्र सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

सोबतीचा गिनीपिग असेल तर त्याला मृत जोडीदार हुंगू द्या, मग उचला. त्याच आईबापांची जोडी मात्र पुन्हा लावू नका.