घर विकताय? आधी कागद शोधा!

घर विकायचं ठरलं की आपल्याकडे पहिल्यांदा रंगाचा डबा उघडतो. भिंती पांढऱ्या होतात, बॅगा माळ्यावर जातात, गिऱ्हाईक यायच्या दिवशी फोडणीला सुट्टी मिळते. हे सारं ठीकच. पण इंग्लंड-वेल्समध्ये ठरलेला सौदा पुष्कळदा रखडतो तो कागदांपायी.

ऊर्जा-प्रमाणपत्र (ईपीसी) जाहिरातीपूर्वीच मागवावं लागतं. श्रेणी ‘ए’ ते ‘जी’, मुदत 10 वर्षं. एप्रिल 2002 नंतर खिडक्या बदलल्या असतील तर ‘फेन्सा’सारख्या संस्थेचा किंवा कौन्सिलचा दाखला हवा. आई-वडिलांसाठी माळ्यावर खोली काढलीय? मग बिल्डिंग रेग्युलेशन्सचं पूर्णतेचं प्रमाणपत्र शोधा. कुंपणावरून शेजाऱ्याशी वाद झाला असेल, तर सॉलिसिटरच्या फॉर्मवर तोही लिहायचा. लपवलेलं पुढे अंगाशी येतं.

आणि ऑफर आली म्हणून लगेच पेढे वाटू नका! करारांची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही पक्ष मोकळे असतात. स्कॉटलंडची रीत निराळी. तिथे डिसेंबर 2008 पासून बहुतेक घरांसाठी विकणाऱ्यालाच आधी पाहणी करून ‘होम रिपोर्ट’ द्यावा लागतो. घराचे दोष पहिल्याच दिवशी कळतात.

मशीन गिऱ्हाइकाकडे धाडताना आम्ही इंजिनिअर मंडळी टेस्ट सर्टिफिकेट जोडतो. घराचंही तसंच करावं. दारात पाटी लागण्याआधी फाईल तयार हवी. रंग काय, एका रविवारचं काम!