सरासरीचा पाऊस

मराठवाड्यात पावसाळ्यात सुमारे 680 मिलिमीटर पाऊस पडतो असे सरकारी दप्तर सांगते, आणि सह्याद्री ओलांडताना ढगांपाशी जे काही शिल्लक उरते त्यावरच या पर्जन्यछायेतल्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या संसार केला. मलिक अंबराने खडकी वसवली आणि डोंगरपायथ्याचे पाणी भुयारी नहरीने शहरात आणले, तेही याच भरवशावर, की पाऊस थोडका असला तरी तो मुरेल.

मुरणेच आता दुर्मिळ झाले आहे. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. मग ती कृपणासारखी दिवसेंदिवस साठवते आणि एकाएकी सारे ओतून मोकळी होते. मृगात टोबलेली सरकी उगवून करपते, दुबार पेरणीचे कर्ज होते आणि हस्तात, ऐन बोंडे फुटण्याच्या वेळी, आभाळ फाटते. वर्षाअखेर बेरीज मात्र चोख जुळते. ज्या जायकवाडीचे पाणी आटल्यामुळे 2013 च्या उन्हाळ्यात मोसंबीच्या वाळल्या बागा तोडून सरपण करावे लागले, त्याच जायकवाडीच्या 27 दरवाजांखाली 2025 च्या सप्टेंबरात गोदाकाठची गावे जीव मुठीत धरून बसली होती.

अशा पावसानंतर पैठणकडच्या एका रानात गेलो, तर वाफसा यायला अजून आठवडा लागेल अशी जमीन. काळ्या चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतत होता, सरीसरीतून पाणी तुंबले होते, आणि बाहेरून हिरवेगार दिसणारे बोंड दाबताच आतून तपकिरी, आंबूस लगदा बोटांवर आला. मालक काही बोलला नाही. त्याने ते बोंड धुऱ्यावर टाकले आणि पुढचे तोडले.

आता पंचनाम्याची गोष्ट. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात 24 तासांत 65 मिलिमीटर भरले की अतिवृष्टी, 64 भरले की ती नव्हे. आणे गेले तेव्हा पीक जोखणाऱ्या आणेवारीची पैसेवारी झाली, पण नाण्याइतक्या सहजतेने सरकारी दृष्टी बदलत नाही. तरी ‘सततचा पाऊस’ हीही आपत्तीच, हे सरकारने 2023 मध्ये मान्य केले, हे त्यातल्या त्यात बरे. मापक मात्र मंडळाच्या गावी असतो, रान दोन कोसांवर, आणि हल्लीचा ढग दोन कोसांतही एका शिवारात कोसळून दुसरे कोरडे ठेवतो.