फोनच्या गिंबलवर जड लेन्स लावताय? आधी नाणी काढा!

मुरबाडजवळच्या म्हसाच्या जत्रेत बैलबाजार शूट करायचा म्हणून शहापूरहून निघालो. फोनला क्लिपवाली मोठी लेन्स, हातात गिंबल. पहिल्याच शॉटला फोन लेन्सच्या बाजूला कलला, मोटर गुरगुरली, गिंबल थरथरलं आणि बंद पडलं. बिघडलं काहीच नव्हतं, फक्त तोल गेला होता.

खरं तर फोन उचलून धरणं हे मोटरचं काम नाही. गिंबल बंद असतानाही फोन आडवा राहायला हवा. मोटरने फक्त हाताचे धक्के जिरवायचे. एका बाजूला वजन वाढलं, की ती सतत जोर लावत बसते, तापते आणि बॅटरी संपवते.

हिशोब कावडीसारखाच आहे: वजन गुणिले अंतर. समजा लेन्स ४० ग्रॅमची आणि क्लॅम्पच्या मध्यापासून ६ सेंमीवर आहे. ४० × ६ = २४०. दुसऱ्या बाजूलाही २४० हवेत. आधी फोन क्लॅम्पमध्ये सरकवून बघा, त्याने वजन वाढत नाही. माझ्या फोनचं बटण दाबलं जात होतं, म्हणून मी दहा रुपयांची नाणी घेतली. एक नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं. ६ सेंमीवर पाच नाणी पुरतात, पण ४ सेंमीवर चिकटवली तर आठ लागतात.

तीन नाण्यांनी काय फरक पडतो? डीजेआय ऑस्मो मोबाइल ६ ची मर्यादा १७० ते २९० ग्रॅम आहे. कव्हरसकट फोन १९० ग्रॅमचा धरला, तर लेन्स आणि पाच नाण्यांसह साधारण २६९ होतात. आठ नाणी लावली की २९१ च्या वर, म्हणजे तोल साधला पण मर्यादा ओलांडली! म्हणून नाणी शक्य तितकी टोकाला, कव्हरवर डबल टेपने लावा. फोनवर थेट नको. मग गिंबल बंद ठेवूनच तपासा. लेन्स पुढे झुकत असेल, तर नाणी मागच्या बाजूला हवीत.

मोटर नसलेलं स्टेडिकॅमही याच तत्त्वावर चालतं. १९७६ च्या ‘रॉकी’त ते वापरलं होतं. त्यात बॅटरी आणि मॉनिटर कॅमेऱ्याच्या खाली, दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असतात.

पण खरा कॅमेरा फोनच्या गिंबलवर चढवू नका. सोनी झेडव्ही-ई१० किट लेन्ससह साधारण ४६० ग्रॅमचा, तिथे नाणी उपयोगाची नाहीत. माळशेजला जाणार असाल, तर कॅमेऱ्याचंच गिंबल भाड्याने घ्या.