औषध लागू पडलं, हे कळतं कसं?

मार्च २०२०मध्ये करोनाने फुप्फुसं भरलेल्या माणसाला कोणतं औषध द्यावं, याचं खात्रीचं उत्तर जगात कोणाकडेही नव्हतं. सूचना मात्र ढीगभर होत्या. मलेरियावरचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, एचआयव्हीवरच्या लोपिनाविर-रिटोनाविरच्या गोळ्या, अ‍ॅझिथ्रोमायसिन, बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातला प्लाझ्मा आणि डेक्सामेथासोन हे १९५०च्या दशकापासून वापरात असलेलं अतिशय स्वस्त स्टेरॉइड. स्टेरॉइडबद्दल तर डॉक्टरांमध्ये सरळ दोन तट होते. एकांच्या मते ते फुप्फुसांतली सूज उतरवून जीव वाचवणार होतं. दुसऱ्यांच्या मते प्रतिकारशक्ती दाबून ते विषाणूला मोकळं रान देणार होतं. दोन्ही बाजूंना अनुभवी, प्रामाणिक डॉक्टर होते.

या वादांपैकी बऱ्याच वादांचा निकाल ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या एका चाचणीने लावला. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी ती उभी केली. १० मार्चच्या सुमारास आराखडा लिहायला घेतला आणि १९ मार्चला पहिला रुग्ण दाखलही झाला. एरवी अशा कामाला कित्येक महिने जातात. ही चाचणी आतून कशी चालली हे समजून घ्यायला हवं, कारण त्या दोन वर्षांत आपल्या घरांमध्येही औषधांबद्दलचे निर्णय जीव मुठीत धरून घेतले गेले आणि त्यातले बरेच निव्वळ ऐकीव गोष्टींवर घेतले गेले.

पहिला प्रश्न साधा आहे. डॉक्टर रोज रुग्ण पाहतात, मग औषधाचा गुण त्यांना दिसत नाही का?

रिकव्हरीमध्ये डेक्सामेथासोनशी तुलना करण्यासाठी जो गट होता, त्यात नेहमीचेच उपचार घेणारे ४३२१ रुग्ण होते. त्यातले १११० जण २८ दिवसांत दगावले, म्हणजे २५.७ टक्के. हाच आकडा उलटा वाचू. रुग्णालयात दाखल करण्याइतक्या आजारी असलेल्या चार जणांपैकी तिघे या चाचणीतलं कुठलंही खास औषध न घेता जगत होते. अशा वेळी एखाद्या डॉक्टरने सर्वांना एखादा निरुपयोगी काढा दिला असता, तरी त्याच्या डोळ्यांदेखत चारातले तिघे बरे होऊन घरी गेले असते. त्यातला प्रत्येक जण आणि त्याचे घरचे मनापासून म्हणाले असते, की औषध लागू पडलं. त्यांचं म्हणणं खोटं नसतं. पण औषध घेतलंच नसतं तर काय झालं असतं, हे पाहण्याची सोय त्यांच्याकडे नसते.

मग औषध घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची जुनी कागदपत्रं काढून तुलना का करू नये? कारण औषध कोणाला मिळतं, यालाच एक कल असतो. डॉक्टर अत्यवस्थ रुग्णाला नवं औषध आधी देतात. त्यातले अधिक दगावतात आणि चांगलं औषधही वाईट दिसतं. किंवा महागडं औषध ज्यांना परवडतं त्यांनाच मिळतं. ते वेळेवर रुग्णालयात पोहोचलेले असतात, मुळात धडधाकट असतात, आणि निरुपयोगी औषध संजीवनी ठरतं. वय, मधुमेह, रक्तदाब यांचा हिशेब करून हा कल थोडाफार दुरुस्त करता येतो. पण डॉक्टरच्या मनात आलेली ‘यांना देऊन पाहू’ ही भावना कुठल्याच केसपेपरवर नोंदलेली नसते.

यावरचा उपाय म्हणजे निवड माणसाच्या हातातून काढून घेणं. कोणाला काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये क्षयावरचं नवं स्ट्रेप्टोमायसिन इतकं कमी होतं, की ते सर्वांना पुरणं शक्यच नव्हतं. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने बंद पाकिटांतून रुग्णांची विभागणी केली. १९४८मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत औषध घेणाऱ्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत चार दगावले आणि नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ जणांपैकी १४. फरक ठसठशीत होता म्हणून इतक्या थोड्या रुग्णांवर भागलं.

रिकव्हरीमध्ये पाकिटाची जागा संगणकाने घेतली. समजा, एप्रिल २०२०मध्ये बर्मिंगहॅमच्या एखाद्या रुग्णालयात अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ ऑक्सिजन लावलेल्या अवस्थेत आले. वॉर्डातला डॉक्टर किंवा परिचारिका त्यांना चाचणी समजावून सांगते. गृहस्थ संमतीपत्रावर सही करतात. शुद्ध हरपलेली असेल तर त्यांच्या वतीने दुसऱ्याने संमती देण्याची तरतूद असते. मग संकेतस्थळावरचा छोटासा फॉर्म भरायचा: वय, आजार कधीपासून आहे, ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागला आहे का, मधुमेह वा हृदयविकार आहे का. यातलं एखादं औषध या रुग्णाला धोक्याचं आहे असं डॉक्टरला वाटलं, तर तो पर्याय इथेच वगळता येतो. फॉर्म पाठवला की पडद्यावर उत्तर येतं. सुरुवातीला पर्याय पाच होते: चार औषधं आणि नेहमीचे उपचार. नेहमीच्या उपचारांच्या चिठ्ठ्या कुठल्याही एका औषधाच्या दुप्पट ठेवल्या होत्या, कारण चारही औषधांची तुलना याच गटाशी व्हायची होती.

नेहमीच्या उपचारांची चिठ्ठी निघाली म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडलं, असा गैरसमज आजही ऐकू येतो. ऑक्सिजन, प्रतिजैविकं, रक्त पातळ करणारी औषधं, शुश्रूषा हे सगळं दोन्हीकडे सारखंच होतं. फरक होता तो फक्त त्या एका औषधाचा, आणि ते तारणार की मारणार हे तेव्हा खरोखरच कोणाला माहीत नव्हतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची चिठ्ठी निघाली तेव्हा कित्येकांना आपलं नशीब उघडलं असं वाटलं असेल. प्रत्यक्षात त्या गटात २७ टक्के दगावले आणि नेहमीच्या उपचारांत २५ टक्के. म्हणून चिठ्ठी टाकण्याला मी निर्दयपणा मानत नाही. खात्री नसताना खात्रीचा आव आणून सगळ्यांना एकच औषध देणं मला कितीतरी अधिक निर्दय वाटतं.

चिठ्ठीने घडतं ते असं, की दोन्ही गटांत म्हातारे-तरुण, गरीब-श्रीमंत, मधुमेही-निरोगी जवळपास सारख्या प्रमाणात विखुरतात. आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टीही, मग ती एखादी जनुकीय खोड का असेना, तशाच विखुरतात. ‘जवळपास’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. डेक्सामेथासोन मिळालेल्या गटाचं सरासरी वय दुसऱ्या गटापेक्षा १.१ वर्षांनी जास्त निघालं. एवढा फरक योगायोगाने राहतो. करोनात वयाचा प्रभाव फार मोठा असल्याने विश्लेषणात त्याचा हिशेब करावा लागला.

योगायोगावर मात करायची तर संख्या हवी आणि संख्या हवी तर काम सोपं हवं. रिकव्हरीचं खरं कसब मला इथे दिसतं. महासाथीत वॉर्डातल्या माणसांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्यांना रोज पानंच्या पानं भरायला लावली असती तर चाचणी आठवड्यातच बंद पडली असती. म्हणून दुसरा फॉर्म एकदाच भरायचा होता: रुग्ण घरी गेल्यावर, दगावल्यावर किंवा २८ दिवस झाल्यावर. बाकीची माहिती ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या नोंदींतून आपोआप जोडली जाई. औषध झाकून ठेवायला खोट्या गोळ्याही केल्या नाहीत. कोणाला काय मिळतंय हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही माहीत होतं. मोजायचं असतं ‘बरं वाटतंय का’, तर ही मोठी त्रुटी ठरली असती. इथे मोजायचं होतं ते माणूस जगला की गेला, आणि त्या उत्तरावर मनाच्या समजुतीचा परिणाम फारसा होत नाही. दीडशेहून अधिक रुग्णालयं सामील झाली आणि जूनच्या मध्यापर्यंत साडेअकरा हजारांवर रुग्ण नोंदले गेले.

या काळात आकडे कोण पाहत होतं? हॉर्बी आणि लँड्रे नक्कीच नाहीत. चाचणी चालवणाऱ्यांनी मधले निकाल पाहिले, तर त्यांचं मन एका बाजूला झुकतं. मग कोणाला सामील करायचं, कधी थांबायचं, सगळंच बिघडतं. त्यासाठी एक स्वतंत्र समिती असते. ती ठरावीक काळाने आकडे उघडून पाहते आणि एखादं औषध स्पष्टपणे तारक किंवा मारक दिसलं तरच बोलते.

१६ जून २०२०ला डेक्सामेथासोनचा निकाल जाहीर झाला. मात्रा दिवसाला फक्त सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत नेहमीच्या उपचारांच्या गटातले ६८३पैकी २८३ दगावले होते, म्हणजे ४१.४ टक्के. डेक्सामेथासोनच्या गटात ३२४पैकी ९५, म्हणजे २९.३ टक्के. नुसता ऑक्सिजन लागलेल्यांत २६.२वरून २३.३ टक्के. त्याच दिवशी ब्रिटनमध्ये हा उपचार सुरू करायला मान्यता मिळाली आणि जून संपण्याआधी भारताच्या आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांतही तो आला.

व्हेंटिलेटरवरचा फरक प्रचंड आहे. तरीही एखाद्या डॉक्टरने असे दहा रुग्ण औषधाविना आणि दहा औषध देऊन पाहिले असते, तर एकीकडे चार गेले असते आणि दुसरीकडे तीन. एवढ्यावरून कोणीही काहीही म्हणू शकलं नसतं.

आता सर्वांत नाजूक भाग. ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती, त्यांचे आकडे उलटे होते: डेक्सामेथासोन घेणारे १७.८ टक्के दगावले आणि न घेणारे १४ टक्के. हा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकत होता. पण फायद्याची खूण मुळीच नव्हती.

गट पाडून असे निष्कर्ष काढताना फार जपावं लागतं आणि याचा धडा ऑक्सफर्डच्याच संशोधकांनी १९८८मध्ये दिला होता. हृदयविकाराच्या झटक्यात अ‍ॅस्पिरिन जीव वाचवतं, हे त्यांनी सतरा हजारांवर रुग्णांच्या चाचणीतून दाखवलं. निकाल छापताना, रुग्णांचे बारीक गट पाडले की काय होतं हे दाखवण्यासाठी, त्यांनी पाश्चात्त्य जन्मराशींनुसारही आकडे दिले. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा दिसला नाही, उलट किंचित तोटा दिसला! राशीचा याच्याशी काही संबंध नाही. पुरेसे तुकडे पाडले की एखादा तुकडा योगायोगाने उलटा निघतोच.

मग ऑक्सिजन न लागलेल्यांचा गट राशीसारखाच समजायचा का? नाही, आणि कारणं दोन. हे गट आकडे पाहण्याआधीच ठरलेले होते. शिवाय श्वासाला आधार जितका अधिक लागत होता, तितका औषधाचा फायदा वाढत होता आणि या चढत्या क्रमाला शरीरात कारण होतं. करोनाच्या पहिल्या आठवड्यात प्रामुख्याने विषाणू वाढत असतो. तेव्हा प्रतिकारशक्ती हवी असते. पुढे काही रुग्णांत तीच प्रतिकारशक्ती अनावर होऊन फुप्फुसांना सूज आणते. स्टेरॉइड ही सूज उतरवतं. तेच औषध आठवडाभर आधी दिलं तर शरीराची ढालच काढून घेतल्यासारखं होतं. नंतर याच चाचणीत ऑक्सिजनशिवाय किंवा साध्या ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांना अधिक मात्रेचं स्टेरॉइड देऊन पाहिलं गेलं. जास्त मात्रेच्या गटात १९ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारांत १२ टक्के.

२०२१च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे घरच्या घरी, पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या गेल्या, कारण ‘स्टेरॉइडने जीव वाचतो’ एवढंच अर्धं वाक्य लोकांपर्यंत पोहोचलं होतं. म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने त्या वर्षी महाराष्ट्रात कित्येकांचे डोळे आणि जबडे नेले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही त्यामागची मोठी कारणं होती. उरलेलं अर्धं वाक्य, कोणाला आणि कधी, जून २०२०पासून छापलेलं होतं. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

रेमडेसिविरचंही तसंच झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीत भारतही होता आणि इथलं काम पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतून चालत होतं. ऑक्टोबर २०२०मध्ये तिचे अंतरिम निकाल आले: रेमडेसिविर मिळालेल्या २७४३ जणांपैकी ३०१ दगावले, न मिळालेल्या २७०८पैकी ३०३. अंतिम निकालात, ऑक्सिजनवर असूनही व्हेंटिलेटरची वेळ न आलेल्यांमध्ये थोडासा फायदा दिसला, १६.३ टक्क्यांवरून १४.६. एप्रिल २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या औषधांच्या दुकानांबाहेर रात्ररात्र रांगा लावणाऱ्या मुलांना, भावांना, बायकांना ऑक्टोबरचे ते अंतरिम आकडे कोणी सांगितले असते, तर एक इंजेक्शन मिळालं नाही म्हणून आपला माणूस गेला, हा सल त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात आजवर राहिला नसता.

प्लाझ्माचा निकाल भारताने स्वतः लावला, रिकव्हरीच्याही आधी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून चाचणी केली आणि ऑक्टोबर २०२०मध्ये ती प्रसिद्ध झाली. प्लाझ्माने आजार बळावणं थांबलं नाही, मृत्यूही कमी झाले नाहीत. जानेवारी २०२१मध्ये रिकव्हरीच्या दहा हजारांवर रुग्णांतून तेच उत्तर आलं. आपल्या मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा मात्र मे २०२१मध्ये वगळला गेला. तोवर दात्यांसाठीचे निरोप फोनवरून फिरतच होते.

रिकव्हरी अजून थांबलेली नाही. तिच्या पुढच्या प्रश्नांत आता फ्लू आहे. २००९मध्ये स्वाइन फ्लू आला, त्याचा भारतातला पहिला बळी पुण्यात गेला आणि तेव्हापासून ऑसेल्टामिविर, म्हणजे आपल्या ओळखीचं टॅमीफ्लू, रुग्णालयांत सर्रास दिलं जातं. दाखल झालेल्या रुग्णांचा जीव त्याने वाचतो का, हे ठरवायला पुरेशी मोठी, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी तेव्हा झालीच नाही. तो प्रश्न आता ब्रिटनमधल्या वॉर्डांत तशाच छोट्या फॉर्मवर विचारला जातो आहे.