चार तासांच्या आत

मॅरेथॉन चार तासांच्या आत संपवायची, तर प्रत्येक किलोमीटर ५ मिनिटं ४१ सेकंदांत पडला पाहिजे. असे ४२ किलोमीटर, आणि वर १९५ मीटर. हौशी धावपटू याला ‘सब-फोर’ म्हणतात. नोकरी, दुकान किंवा बागायत सांभाळून पहाटे धावणाऱ्या माणसानं हा आकडा एकदा मनावर घेतला की त्याचं वर्षच त्याभोवती फिरू लागतं. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. त्यामुळे मृगाचा पाऊस पडतो तेव्हाच सरावाची पहिली वही उघडायची, गणपतीत चार दिवस सुट्टी घ्यायची आणि भातकापणीच्या धांदलीतही रविवारची लाँग रन चुकवायची नाही.

मुंबई-पुण्यात अशा धावपटूंना गट मिळतात, प्रशिक्षक मिळतात, सपाट रस्तेही मिळतात. गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलसारख्या गावात यातलं फारसं काही नसतं. तिथे आहे वाशिष्ठीचं मुख, गोपाळगडाची तटबंदी, टाळकेश्वराचं देऊळ, त्याच्याजवळचं दीपगृह आणि खाडीपासून सड्यापर्यंत चढत जाणारा रस्ता. हा मुलूख लांब पल्ल्याच्या तयारीला अत्यंत चांगला आहे, असं माझं ठाम मत आहे. अट एकच. घड्याळातला आकडा इथे सरळ वाचायचा नाही, त्याचा इथल्या चढाशी आणि हवेशी हिशेब लावून वाचायचा.

आधी आकड्याच्या ओढीबद्दल. एरिक अ‍ॅलन, पॅट्रिशिया डेचो, डेव्हिन पोप आणि जॉर्ज वू या अमेरिकी अभ्यासकांनी २०१७ साली मॅरेथॉनच्या सुमारे एक कोटी नोंदी तपासून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. धावणाऱ्यांच्या वेळा सरळ पसरलेल्या नव्हत्या. तीन तास, साडेतीन तास, चार तास या पूर्ण आकड्यांच्या अगदी अलीकडे माणसांची दाटी होती आणि आकडा ओलांडला की ती एकदम विरळ होत होती. निसर्गाच्या लेखी ३:५९ आणि ४:०१ यांत काडीचा फरक नाही, माणसाच्या लेखी मात्र तो वर्षभराच्या मेहनतीइतका मोठा आहे. शेवटच्या दोन किलोमीटरांत पाय दगडासारखे झालेले असताना केवळ त्या आकड्यासाठी माणूस वेग वाढवतो. ध्येयवेळ ठेवू नका, नुसता आनंदासाठी धावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. ध्येयवेळेनं माणसाला शिस्त लागते. ती ठरवताना भावनेच्या भरात जाऊ नये, एवढंच.

ती ठरवायला एक जुनं सूत्र आहे. पीटर रीगेल या अमेरिकी अभियंत्यानं १९७७ साली ते मांडलं. त्याचा गाभा असा, की अंतर दुप्पट झालं तर वेळ दुपटीहून थोडा जास्त, म्हणजे साधारण २.०८५ पट लागतो. हाफ मॅरेथॉन १ तास ५५ मिनिटांत झाली असेल, तर या सूत्रानं फुल मॅरेथॉन ३ तास ५९ मिनिटं आणि काही सेकंदांत व्हायला हवी. हाफला बरोबर दोन तास लागत असतील, तर फुलला ४ तास १० मिनिटं लागतील. इथेच पुष्कळ जण फसतात. अँड्र्यू व्हिकर्स आणि एमिली व्हर्टोसिक यांनी २०१६ साली हौशी धावपटूंच्या वेळा तपासल्या. फुल मॅरेथॉनच्या बाबतीत हे सूत्र हौशी माणसाला फारच आशावादी उत्तर देतं, असं त्यांना आढळलं. कारण उघड आहे. सूत्र जमायला आठवड्याचा पुरेसा सराव पाठीशी लागतो आणि नोकरदार माणसाचा तो बहुधा नसतो. म्हणून सब-फोर हवं असेल तर हाफ १:५५ ला नव्हे, १:५२-१:५३ ला येईपर्यंत थांबावं, हे शहाणपणाचं.

दुसरा हिशेब घड्याळाचा. शर्यतीचं अंतर रस्त्याच्या सर्वांत जवळच्या रेषेनं मोजतात. आपण धावतो गर्दीतून, वळणाच्या बाहेरच्या बाजूनं आणि पाण्याच्या टेबलाकडे तिरपं जाऊन. त्यामुळे मनगटावरचं घड्याळ शेवटी ४२.४ किंवा ४२.५ दाखवतं. घड्याळात ५:४१ चा पेस, म्हणजे किलोमीटरमागची वेळ, पाहून निर्धास्त राहिलेला माणूस चार तासांना चुकतो. घड्याळात ५:३८-५:३९ दिसायला हवं.

आता सरावाकडे. हौशी धावपटूचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मधला वेग. तो इतका हळू नसतो की शरीर सावरेल आणि इतका जलदही नसतो की क्षमता वाढेल. रोज त्याच वेगानं धावून माणूस रोज थकतो आणि वेळ मात्र जागची हलत नाही. न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात कामाला होता. स्वतःवर वर्षानुवर्षं प्रयोग करून त्यानं ठरवलं की आधी लांब पल्ल्याचा पाया घालायचा आणि वेगाचं काम शेवटी करायचं. त्याच्या आसपासच्या वस्तीतली मुलं आठवड्याला १०० मैल धावत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्याच शिष्यांपैकी पीटर स्नेलनं ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गनं ५,००० मीटरचं सुवर्ण मिळवलं, तेही एकाच दिवशी. ८०० मीटरचा धावपटूसुद्धा सरावात ३५ किलोमीटर धावत होता! पुढे स्टीफन सायलर या अभ्यासकानं अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. त्यातलं सुमारे ८० टक्के काम हलक्या वेगाचं होतं. हलका वेग ओळखायला यंत्र लागत नाही. धावता धावता शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. सब-फोरच्या उमेदवाराची इझी रन पावणेसात-सात मिनिटांच्या पेसनं होत असेल, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

अंजनवेलमध्ये ही लाज लवकर मोडते. खाडीच्या बाजूनं निघून टाळकेश्वराकडे चढू लागलं की पाचशे पावलांत श्वास सांगतो आपण कुठे आहोत ते. त्या चढावर पेस पाहणं निरर्थक आहे. सपाटीवर साडेसहाला धावणारा इथे आठला जातो आणि मेहनत तेवढीच पडते. म्हणून चढावर श्वास धरावा, सड्यावर आल्यावर घड्याळ पाहावं. पावलं आखूड ठेवावीत, नजर दहा-बारा हातांवर असावी, हात पाठीमागे खेचावेत. उतरताना मात्र दाणदाण उतरू नये. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना त्याची जाणीव होते. याच स्नायूंना हळूहळू सवय लावली, तर शर्यतीत तिसाव्या किलोमीटरनंतर ते साथ सोडत नाहीत. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा कडेच्या दगडावर पाय टाकू नये.

चढानंतरचा दुसरा गुरू म्हणजे हवा. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला तरच अंग थंड होतं. एक लिटर घामाची वाफ झाली तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तोच घाम कोपरावरून टपकला तर जवळपास काहीच जात नाही. किनाऱ्यावरच्या दमट पहाटे अंगावरचा बनियन पिळून काढावा लागतो, तो याचसाठी. मग त्वचा थंड ठेवायला हृदयाला जास्त रक्त बाहेरच्या बाजूला पाठवावं लागतं, पायांच्या वाट्याला कमी येतं आणि त्याच पेसला नाडी दहा-पंधरा ठोके चढते. ऑक्टोबरमध्ये सराव बिघडला असं वाटून अनेक जण निराश होतात आणि आणखी जोर लावतात. खरं तर बिघडलेलं काही नसतं. कोरड्या, थंड सकाळी तेच शरीर सहज वेग देतं. या दिवसांत नाडी किंवा श्वास हाच मापदंड धरावा आणि पेसच्या वहीत हवा कशी होती तेही लिहावं.

सपाट धावण्यासाठी गुहागरची पुळण आहे. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूचा पट्टा डांबरासारखा घट्ट होतो. त्याची वेळ शोधायला कोळीवाड्यातला जुना ठोकताळा पुरेसा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ठोकळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहाच्या सुमारास पाणी वर, धावायला वाळू नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास, त्यामुळे पहाटे पाणी दूर गेलेलं आणि पुळण रुंद. लांब अंतराचा रविवार त्या तिथींच्या जवळ आला तर तो किनाऱ्यावर करावा, अष्टमीच्या आसपास आला तर रस्त्यावर. किनारा समुद्राकडे उतरता असल्यानं एका पायावर जास्त भार येतो, म्हणून जितकं जाल तितकंच उलट दिशेनं या.

आपल्याकडच्या हौशी धावपटूंना एक मोठा पूर्वज आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे खेडूत तरुण पाहून दोराबजी टाटांना ऑलिंपिकची कल्पना सुचली. पुढच्या वर्षी अँटवर्पला गेलेल्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या ऑलिंपिकची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. फिनलंडच्या हानेस कोलेहमाइनेननं ती २:३२:३५.८ मध्ये जिंकली. चौगुले २:५०:४५.४ वेळ देऊन एकोणिसावे आले. हिशेब केला तर तो किलोमीटरला बरोबर चार मिनिटांचा पेस पडतो. आजच्या ४२.१९५ ला तो लावला तर वेळ येते २ तास ४८ मिनिटांच्या आसपास. जेल नव्हती, कार्बन प्लेटचे बूट नव्हते, सोळा आठवड्यांचा तक्ता नव्हता. आज बोस्टन मॅरेथॉनला पात्र ठरायला ३५ वर्षांखालच्या पुरुषाला २:५५ लागतात. बेळगावचा तो गडी शंभर वर्षांपूर्वी त्याच्याही आत होता. आपल्या पिढीनं हे नाव शाळेत शिकायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

राहिला प्रश्न इंधनाचा. धावताना शरीराच्या दर किलोला, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ६५ किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे २,७०० लागतात. स्नायू आणि यकृत मिळून साठलेलं ग्लायकोजेन देतं जवळपास २,०००. बाकीचं चरबीतून येतं, पण चरबी सावकाश जळते. सुरुवातीला जितकं जोरात पळाल, तितका ग्लायकोजेनचा साठा लवकर उपसला जातो आणि मग तिसाव्या किलोमीटरनंतर कधीतरी ‘वॉल’ लागते. डोकं चालेनासं होतं, पेस किलोमीटरला मिनिटा-दीड मिनिटानं कोसळतो. उपाय दोन. रविवारी २८ ते ३२ किलोमीटर हळू धावून शरीराला चरबी वापरायची सवय लावायची आणि शर्यतीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं बघायचं. ते आतड्यालाही शिकवावं लागतं, म्हणून जेल असो, खजूर असो की केळं, लाँग रनमध्ये आधी चाखून बघावं. आदल्या दिवशीच्या जेवणाबाबत कोकणी माणसाला कुणाकडून शिकायची गरज नाही. मऊ भात, घावणे, पेज हे सगळं पचायला सोपं आणि कर्बोदकांनी भरलेलं आहे. तिखट कालवण मात्र त्या रात्री नको.

पाण्याच्या बाबतीत इशारा देणं भाग आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेलं निघालं. धावताना वजन वाढलेल्यांना, म्हणजे गमावलं त्याहून जास्त पाणी प्यालेल्यांना, धोका अधिक होता. पाच तास रस्त्यावर असणारा हळू धावपटू प्रत्येक टेबलाशी थांबून पाणी पितो, त्याचा जीवही धोक्यात येऊ शकतो. तहान लागेल तेवढंच प्यावं आणि दमट हवेत मीठ विसरू नये. मीठ घातलेलं कोकमाचं सरबत सरावाला उत्तम चालतं.

शेवटचे दोन-तीन आठवडे टेपर. अंतर कमी, वेग थोडासा तसाच. या दिवसांत पाय उगाच दुखल्यासारखे वाटतात, आपली तयारी विसरल्यासारखी होते आणि माणूस खात्री करून घ्यायला म्हणून एक जोरदार धाव घेतो. ती घेऊ नये. जे व्हायचं ते महिनाभर आधी झालेलं असतं.

शर्यतीच्या दिवशीचा सब-फोरचा आराखडा मी असा सांगेन. पहिले पाच किलोमीटर ५:५० नं जाऊ द्या, गर्दी असतेच. त्यात गेलेलं जवळजवळ पाऊण मिनिट पुढे परत मिळवता येतं. पाचव्यापासून तिसाव्यापर्यंत ५:३८-५:३९ सोडू नका, बाजूचा कितीही पुढे जावो. मुंबईत वर्षानुवर्षं परतीच्या वाटेवर, पस्तिसाव्या किलोमीटरनंतर, पेडर रोडचा चढ लागत आला. अशा चढावर टाळकेश्वराच्या रस्त्यावर केलं तेच करा. पावलं आखूड, श्वास तोच, पेस पंधरा-वीस सेकंद पडू द्या. चढ संपला की पहिली दोनशे पावलं तशीच ठेवा आणि मग हात मोकळे सोडून हळूहळू ५:३५ कडे या. चाळीस किलोमीटरला घड्याळात ३ तास ४७ मिनिटांच्या आत असाल, तर उरलेल्या अंतराला किलोमीटरमागे पावणेसहा मिनिटं लागली तरी चालतील.