सुरांचे वारस : झील धरणारी पोरं

मराठी रॉकवाले नंदू भेंडे यांच्यावर या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतोय, कारण गेला लेख वाचून वणीतल्याच एका तरुणाने मला बसस्टँडजवळ गाठलं. जयंत्या, वराती, नवरात्र असं वर्षभर साउंड लावण्याचा त्याचा धंदा. म्हणाला, ‘सर, जेसन बॉनहॅम बापाच्या जागी ड्रमवर बसला, झिगी मार्लीने बापाची गाणी गायली, सगळं वाचलं. पण माझ्या पेनड्राइव्हमध्ये एकाच घरातल्या तीन पिढ्या वाजतात. त्यांच्यावर कधी लिहिणार?’

प्रश्न बिनतोड होता. शिंदे घराणं मी मालेच्या अखेरीस घेणार होतो. ते आता आधीच घेतो.

चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत आमच्या सप्तशृंगी गडावर यात्रा असते. खानदेशातून पायी निघालेली माणसं भगवे ध्वज घेऊन पायथ्याच्या नांदुरीला येतात, सोबतच्या टेम्पोवर कर्णे बांधलेले असतात. त्या गर्दीत तासभर उभं राहिलं की प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे आणि आदर्श शिंदे हे तिघेही कानावर पडून जातात. आजोबा, मुलगा, नातू. ऐकणाऱ्याला तिघांत घराणं ऐकू येतं, पण एकाचा आवाज दुसऱ्याचा म्हणून खपत नाही. हे कसं साधलं, हाच माझ्या मते खरा विषय.

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म 1933 चा. घर मूळचं मंगळवेढ्याकडचं, आईवडील गाऊन पोट भरणारे. मुंबईत ते कव्वालीच्या दुनियेत शिरले आणि इस्माईल आझाद यांच्या पार्टीत कोरसला बसले. पुढे स्वतःची पार्टी उभी केली, भीमगीतं गायली, आणि त्याच गळ्याने विठ्ठलही गायला. दत्ता पाटील यांचे शब्द, मधुकर पाठक यांचं संगीत आणि प्रल्हाद शिंदे यांचा आवाज अशी ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ची जुळणी आहे. 14 एप्रिलच्या रात्री ज्यांनी भीमजयंतीचा मंच गाजवला, त्यांचाच आवाज आषाढात वारीच्या वाटेवर वाजतो. मराठी माणसाने हे दोन्ही त्यांच्याकडून सारख्याच प्रेमाने घेतलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण आज मला बोलायचंय ते कोरसबद्दल. कव्वालीच्या मंचावर मुख्य गायक पुढे, पेटी बाजूला, ढोलक आणि बेंजो जवळ, आणि मागे झील धरणारे. गायक ओळ म्हणतो, शेवटचा शब्द अर्धाच सोडतो, तो मागच्यांनी अचूक झेलायचा. मागचे मुखडा घोळवत असतात तेवढ्यात पुढचा श्वास घेतो, घोटभर पाणी पितो, पुढचा शेर मनात जुळवतो. कधी गर्दी पेटली की तो तीच अर्धी ओळ पुन्हा उचलतो. अशा वेळी मागच्यांनी थांबायचं. कधी थांबायचं हे कुणी सांगत नाही. खांद्याच्या हालचालीवरून, उचललेल्या हातावरून ओळखायचं. टाळी मात्र क्षणभरही सुटता कामा नये. समोर मुकाबल्याची दुसरी पार्टी बसलेली असेल तर चुकीला माफी नाही.

आनंद आणि मिलिंद शिंदे वडिलांच्या या पार्टीत वाढले. बापाच्या पाठीकडे बघत रात्ररात्र काढली की गळ्याआधी कान तयार होतो. गर्दी केव्हा हलते, केव्हा ढिली पडते, कुठला अंतरा गाळायचा, हे कुठल्याच शिकवणीत मिळत नाही. मिलिंद यांच्या आवाजातली उदास छटा मला विशेष आवडते, आणि त्यांच्यावर कमी लिहिलं गेलं याची खंत वाटते.

रॉक आणि रेगेच्या घरांत ही बैठक अनेकांना लाभली नाही. लेड झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनहॅम 1980 मध्ये गेला तेव्हा जेसन 14 वर्षांचा होता. बॉब मार्ली 1981 च्या मे महिन्यात गेला तेव्हा धाकट्या डेमियनला तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. त्याला वडील भेटले ते मुख्यतः रेकॉर्डवरच. थोरल्या झिगीचं नशीब वेगळं. 1979 मध्ये बॉबने स्वतः गाणं लिहून आपल्या चार मुलांना स्टुडिओत उभं केलं होतं. म्हणूनच जगभरच्या घराण्यांत मार्लींचं घर मला शिंद्यांच्या सर्वांत जवळचं वाटतं. दोन्हीकडे गाण्यामागे एक दबलेला समाज ताठ मानेने उभा आहे, आणि दोन्हीकडे बापानेच पोरांना गायला लावलं.

शिंद्यांकडे पुढचं काम कॅसेटने केलं. ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर खेड्यापाड्यांत पोचला आणि आनंद शिंदे यांचं ‘जवा नवीन पोपट हा’ घराघरांत वाजलं. आवाज जाड, मिश्कील, थेट अंगावर येणारा. बापाची भक्तिगीतं तशीच्या तशी म्हणत बसले असते तर आनंद शिंदे नुसती नक्कल ठरले असते. आदर्शच्या वाट्याला सिनेमा आला. 2013 च्या ‘दुनियादारी’तलं ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ हे प्रेमभंगाचं गाणं आहे, पण वर चढून मोकळ्या गळ्याने मारलेली हाक ऐका, ती आजोबांच्या धाटणीची आहे. 2016 मध्ये ‘पोश्टर गर्ल’मध्ये ‘आवाज वाढव डीजे’ बापलेकांनी एकत्र गायलं. साउंडवाल्या मित्राचं हे हुकमी गाणं. आदर्श आणि त्याचा डॉक्टर भाऊ उत्कर्ष यांनी 2019 ला सुरू झालेल्या बाबासाहेबांवरच्या मालिकेचं शीर्षकगीत केलं, तेव्हा भीमगीताचा धागा तिसऱ्या पिढीने थेट घराघरांतल्या टीव्हीवर नेला.

नाशिककर म्हणून भीमगीतांचे कवी वामनदादा कर्डकांना वगळून पुढे जाणं मला शक्य नाही. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे त्यांचं गाव, जन्म 1922 चा. त्यांची मुलगी लहानपणीच गेली. रक्ताचा वारस गळ्यात गाणं घेऊन उभा राहिला नाही. तरी आज गावोगाव जी भीमगीतं वाजतात त्यांत त्यांचे शब्द किती आहेत ते बघा. शिंद्यांच्या घरानेही ते गायले. 2004 च्या 15 मे रोजी वामनदादा गेले आणि 23 जूनला प्रल्हाद शिंदे. सव्वा महिन्यात शब्द देणारा आणि आवाज देणारा, दोघेही. त्यानंतरची जयंतीही तितक्याच जोरात झाली, कारण पुढे गाणारे तोवर तयार होते. काही शिंद्यांच्या घरातले, आणि कितीतरी घराबाहेरचे, ज्यांनी वामनदादांच्या मागे बसून झील धरली होती. त्यांच्यावर एक स्वतंत्र लेख लिहीन.

पुढच्या आठवड्यात नंदू भेंडे. 1978 चा ‘तीन पैशाचा तमाशा’, आत्माराम आणि आशा भेंडे यांचं नाटकवेडं घर, आणि त्या घरातून निघालेला मराठी रॉक. ज्यांना ‘तीन पैशाचा तमाशा’चा प्रयोग पाहिल्याचं आठवतं, त्यांनी मला जरूर कळवावं.