अल्कधर्मी इंधनघट: सामर्थ्य आणि हवेचा अडसर

हायड्रोजन न जाळता, ऑक्सिजनशी होणाऱ्या त्याच्या संयोगातून थेट वीज मिळवणाऱ्या साधनाला इंधनघट म्हणतात. त्याच्या अल्कधर्मी प्रकारावर ब्रिटिश अभियंते फ्रान्सिस थॉमस बेकन यांनी अनेक वर्षे चिकाटीने काम केले आणि १९५९ मध्ये सुमारे ५ किलोवॅटचा संच चालवून दाखवला. त्याच पायावर उभारलेल्या घटांनी पुढे अपोलो यानांना वीज पुरवली आणि अभिक्रियेतून तयार होणारे पाणी अंतराळवीरांच्या पिण्याच्या उपयोगी पडले. अभियांत्रिकीच्या इतिहासात इतकी निर्मळ फलश्रुती क्वचितच आढळते.

या घटाच्या दोन विद्युत अग्रांमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे तीव्र द्रावण असते. ऑक्सिजनच्या अग्रावर तयार होणारे ऋणभारित हायड्रॉक्साइड आयन या द्रावणातून हायड्रोजनच्या अग्राकडे जातात, तेथे हायड्रोजनशी संयोग पावून पाणी बनते आणि मुक्त झालेले इलेक्ट्रॉन बाहेरील तारेतून वाहू लागतात. ऑक्सिजनची अभिक्रिया, जी बहुतेक इंधनघटांत रेंगाळते, ती अल्कधर्मी माध्यमात अधिक वेगाने होते. शिवाय या माध्यमात निकेल टिकून राहत असल्याने महागड्या प्लॅटिनमऐवजी निकेल किंवा चांदी उत्प्रेरक म्हणून, म्हणजे अभिक्रियेला गती देणारा पदार्थ म्हणून, वापरता येते.

मात्र ज्या द्रावणामुळे हे सामर्थ्य लाभते, तेच हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. चुन्याच्या निवळीत फुंकर घातल्यावर ती जशी दुधाळ होते, तसेच येथेही कार्बोनेट तयार होते, द्रावणाची वाहकता घटते आणि अग्रांच्या सूक्ष्म छिद्रांत स्फटिक साचतात. हवेतील या वायूचे प्रमाण जेमतेम ०.०४ टक्के असले, तरी दीर्घकाळ चालणाऱ्या घटाला तेवढेही बाधते. यानात शुद्ध ऑक्सिजन सोबत नेलेला असल्याने हा प्रश्न उद्भवत नव्हता; रस्त्यावर मात्र तो टळत नाही. कार्ल कोर्डेश यांनी १९७० च्या सुमारास ऑस्टिन मोटारीत असा घट बसवला, तेव्हा हवा आधी गाळून घ्यावी लागे. अशी गाळणी वरचेवर बदलणे आले, आणि स्वस्त उत्प्रेरकातून झालेली बचत त्यात बरीचशी खर्ची पडते.

अलीकडे द्रावणाऐवजी ऋण आयन वाहून नेणारा बहुवारिक पडदा वापरण्याचे प्रयत्न आशादायक आहेत, कारण मुक्त पोटॅशियम नसल्याने घन कार्बोनेट साचत नाही. तथापि कार्बोनेट आयनांमुळे अशा पडद्याचीही वाहकता मंदावते, आणि उष्ण अल्कधर्मी वातावरणात त्याचे रेणू हळूहळू विघटित होतात.